वहिनींनी विचारलं ते बरोबरच आहे

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३८ वर्षांचा, पुण्यात असतो, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. दर रविवारी आम्ही १२ जण सायकल चालवतो, खडकवासला, पानशेत, कधी लोणावळा. या डिसेंबरात पुणे ते पणजी करायचं ठरलंय, ३ दिवसांत, निपाणी-आजरा-आंबोली मार्गे, आणि त्यानिमित्ताने मूकबधिर मुलांच्या एका निवासी शाळेसाठी ५ लाख गोळा करायचे. खजिनदार मला केलं आणि क्यूआर कोडपण माझ्याच खात्याचा टाकला. आत्तापर्यंत ८६,५०० आलेत. परवा आमच्या कॅप्टनने खर्चाचा कागद दाखवला, हॉटेल, जेवण, टेम्पो, जर्सी, ड्रोनवाला, परतीचं भाडं, सगळं मिळून १,३२,०००, आणि म्हणाला हे आधी कलेक्शनमधून काढायचं, उरेल ते शाळेला. कुणीच काही बोललं नाही. मीपण नाही. त्याच आठवड्यात वहिनीने तोंडावर विचारलं, "गोव्याला तुम्ही जाणार आणि पैसे आम्ही द्यायचे होय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरं म्हणजे आमच्यात नाना आहेत, ५८ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. ते हळू चालवतात. कॅप्टन म्हणतो त्यांना टेम्पोत बसवू. पण जमलेल्यातले ३१,००० एकट्या नानांनी आणलेत. कॅप्टन माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याला कसं सांगू? आणि अमेरिकेतला भाचा ५०० डॉलर देतो म्हणतोय, ते कुठे घेऊ?
– खजिनदार, नाव नको

उत्तर:

खजिनदार साहेब, तुम्ही अकाउंट्सला आहात म्हणजे उत्तर तुम्हाला आधीच माहितीये, फक्त ते कॉलेजच्या मित्राला सांगायचं धैर्य माझ्याकडून उसनं पाहिजे. देते. पण आधी तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा, अख्ख्या प्रकरणात योग्य प्रश्न विचारणारी ती एकटीच बाई आहे.

हिशोब बघा. समजा ५ लाख नाही जमले, ३ लाख जमले, जे खूप चांगलं कलेक्शन म्हणायचं १२ जणांसाठी. त्यातून १,३२,००० गेले म्हणजे शंभरातले ४४ रुपये गेले हॉटेल, जर्सी आणि ड्रोनमध्ये. आता ज्या माणसाने ५०० रुपये दिले त्याला हे आधी सांगितलं होतंत का? तुमच्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते काढून परत वाचा. "मुलांसाठी मदत करा" असं असेल तर तो पैसा मुलांचा झाला, ज्या क्षणी खात्यात पडला त्या क्षणी. त्यातला एक रुपयाही टेम्पोच्या डिझेलला लावायचा तुम्हाला हक्क नाही, मग डिझेल कितीही खरं असो.

हे मी वरून शहाणपण सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने पहिली अशी राईड काढली होती, महाबळेश्वरला, त्यात टी-शर्ट झाले, बॅनर झाले, परत आल्यावर प्रत्येकाला ट्रॉफी झाली, आणि शेवटी संस्थेला चेक गेला ११,००० चा आणि ट्रॉफीवाल्याचं बिल होतं १४,०००. ती ट्रॉफी अजून माझ्या माळ्यावर आहे. कुणी चोरी नव्हती केली हो, सगळी चांगली माणसं, पण कुणी कागदावर दोन रकाने पाडले नव्हते एवढंच.

म्हणून दोन रकाने. एक राईडचा, एक शाळेचा, आणि मध्ये भिंत. राईडचा खर्च राईड करणाऱ्याने खिशातून करायचा. आपल्याकडे ही पद्धत नवीन नाहीये, वारीला दिंडीत जाणारा माणूस जेवणाची भिशी स्वतः भरतो, वाटेत कुणी अन्नदान केलं तर ते वेगळं, पण माझ्या पंढरपूरला जायचा खर्च गावाने करावा असं कुठला वारकरी म्हणत नाही. तुमचे १,३२,००० भागिले १२ म्हणजे ११,००० झाले माणशी. त्यातून ड्रोनवाला काढा, जर्सी काढा (सगळ्यांकडे जर्सी आहेत, मला माहितीये, सायकलवाल्यांकडे कपाटभर असतात). समजा ते दोन्ही मिळून ३१,२०० होते, तर राहिले १,००,८०० म्हणजे माणशी ८,४००. चार दिवसांच्या गोवा ट्रिपला ८,४०० जास्त नाहीत, सायकल नसती तरी गेले असते. आणि ग्रुपमध्ये एखादा कॉलेजचा पोरगा असेल ज्याला जड जाणार असेल तर बाकीच्यांनी गुपचूप वाटून घ्या, त्याचा ग्रुपवर बोभाटा नको.

कुणी दुकानदार टेम्पोवर स्वतःचं नाव लावायचे १५,००० देतोय? घ्या की. पण ते राईडच्या रकान्यात, आणि सगळ्यांना सांगून.

हा वाद तुमच्याच ग्रुपचा नाहीये बरं का. अमेरिकेत १९९४ साली कॅलिफोर्निया एड्स राईड सुरू झाली, सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, एड्सच्या रुग्णांसाठी, हजारो लोकं त्यात चालवायची आणि पैसे पण भरपूर जमायचे, पण आयोजनावरच एवढा खर्च होतोय याच्यावरून कुरबुर वाढत गेली आणि २००२ मध्ये ज्या संस्थांसाठी ती राईड होती त्याच संस्था आयोजकांपासून फुटल्या आणि त्यांनी स्वतःची वेगळी राईड काढली. आयोजकाचं म्हणणं असं की खर्च केला म्हणूनच एवढे जमले. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही, मोठा पसारा फुकट उभा राहत नाही. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून पॅन-मास चॅलेंज नावाची राईड चालते कॅन्सर हॉस्पिटलसाठी, तिथे सायकलस्वार जो डॉलर गोळा करतो तो पूर्ण हॉस्पिटलला जातो, राईडचा खर्च निघतो स्वारांच्या प्रवेश फीमधून आणि स्पॉन्सरांकडून. तुम्ही १२ जण आहात, तुमचा पसारा म्हणजे एक टेम्पो. तुम्हाला दुसरी पद्धत सहज जमण्यासारखी आहे.

आता तुमच्या खात्याचं. खरं सांगू, खर्चाच्या कागदापेक्षा मला याची जास्त काळजी वाटली. तो क्यूआर कोड आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, सगळ्या ग्रुपांमधून काढा. वर्षभरात नातेवाईक नसलेल्या लोकांकडून मिळून ५०,००० च्या वर पैसे तुमच्या खात्यात आले तर ती सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि तुमचे ८६,५०० झालेत. शिवाय लोकांकडून असा निधी गोळा करण्याचे नियम आहेत, गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परवानगी काढतात ती उगाच नाही. हे तुम्ही अकाउंट्सला असून तुमच्या डोक्यात आलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं, पण मित्रांमध्ये आपण सगळेच थोडे बावळट होतो.

सरळ मार्ग म्हणजे शाळेची जी ट्रस्ट आहे तिचाच खातेनंबर आणि तिचाच क्यूआर लोकांना द्यायचा, तुमच्यामधून पैसा जायलाच नको. प्रत्येकाला ट्रस्टची पावती मिळते, ट्रस्टकडे ८०जी (देणगीवर करात सूट देणारी मान्यता) असेल तर जुन्या कररचनेत असलेल्यांना सूट पण मिळते (नव्या रचनेत नाही मिळत, हे आधीच सांगा नाहीतर मार्चमध्ये तुमच्यावर चिडतील), आणि २,००० च्या वर रोख घेऊ नका, त्याच्यावर सूट नसते. जे ८६,५०० आलेत त्याचं असं करा, ज्यांना करासाठी पावती हवीये त्यांचे परत पाठवा आणि त्यांना थेट ट्रस्टला भरायला सांगा, बाकीची रक्कम नावांच्या यादीसकट एकरकमी ट्रस्टला ट्रान्सफर करा, ट्रस्टचं पत्र घ्या आणि ते पत्र सगळ्या देणगीदारांना पाठवा. त्याआधी एखाद्या सीएला दाखवा, तुमच्या ऑफिसात असेलच.

भाच्याचं काम थोडं वेगळं आहे. तो तिकडे नोकरीला असेल पण पासपोर्ट अजून भारताचा असेल तर स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत देऊ शकतो, अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ते परदेशी देणगीत जातं, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, पैसे पण दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. छोट्या शाळांकडे बहुतेक ही नोंदणी नसते. तेव्हा आधी विचारा, आणि "मामा, तुझ्या खात्यावर टाकतो, तू दे" ही आयडिया तर अजिबात नको. नसेलच जमत तर त्याला म्हणावं सुट्टीला आलास की शाळेत ये, मुलांबरोबर एक दिवस घालव.

आणि शाळेवरून आठवलं. तुमच्या पत्रात जर्सी आहे, ड्रोन आहे, पण शाळेला नक्की काय पाहिजे ते कुठेच नाही. विचारलंत का त्यांना? (आणि मूकबधिर नको म्हणूया, कर्णबधिर म्हणूया, त्यातली कितीतरी मुलं छान बोलतात.) माझ्या ओळखीची एक शिक्षिका अशा शाळेत होती, ती सांगायची की लोकं ऐकू यायचं मशीन देतात, फोटो काढतात आणि जातात, पण मशीनला बॅटरी लागते, वायर तुटते, आणि इअर मोल्ड म्हणजे कानात बसणारा तो साचा, मूल वाढलं की कान वाढतो, साचा ढिला होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं, मग पोरगं ते काढून दप्तरात टाकतं. साचे सारखे बदलायला लागतात आणि त्याला कुणी देणगी देत नाही कारण त्याचा फोटो चांगला येत नाही. तुमच्या शाळेची गरज अशी असेल किंवा वेगळीच असेल, हॉस्टेलच्या गिझरची असेल, पण मुख्याध्यापकांकडून ती लिहून आणा आणि मेसेजमध्ये तीच टाका, "५ लाख" हा आकडा कुणालाच भिडत नाही, एका मुलाच्या कानाचा साचा भिडतो. फक्त एक करा, फ्लॅग ऑफला मुलांना सकाळी पाचला हातात झेंडे देऊन उभं करू नका. तुम्ही झोपेतून उठून गोव्याला चाललाय, त्यांनी काय पाप केलंय.

आता नाना. तुम्ही प्रश्न उलटा विचारलाय असं मला वाटतं. नानांना कुठे बसवायचं हा प्रश्न नाहीच, तीन दिवसांचा हट्ट कुणाचा आहे हा प्रश्न आहे. पुणे ते पणजी तुमच्या रस्त्याने साधारण ४५० किलोमीटर, म्हणजे रोज दीडशे, आणि पहिल्याच दिवशी कात्रज आणि खंबाटकी. लोणावळा करून येणाऱ्या ग्रुपातले निम्मे लोकं दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कडेला बसलेले दिसतील, आणि ते नाना नसतील. चार दिवस करा. पहिला दिवस सातारा, ११० च्या आसपास. दुसरा कोल्हापूर, १२० धरा. तिसरा निपाणी, आजरा करत आंबोली, तो पण तेवढाच पण चढाचा, आणि मुक्काम वरच आंबोलीत. चौथ्या दिवशी नीट उजेड झाल्यावर घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि पणजी, नव्वद-शंभर. संध्याकाळी दमलेल्या पायांनी आणि आखडलेल्या बोटांनी आंबोली उतरायचा विचारसुद्धा करू नका, ब्रेक धरून ठेवला की रिम तापते, दाबा-सोडा करत उतरायचं आणि दोघांमध्ये भरपूर अंतर ठेवायचं, तिथे रेस लावणाऱ्याला सरळ टेम्पोत बसवा, तुमच्या कॅप्टनचा नियम त्याला लावा.

चार दिवस केले की नानांना आरामात जमतं. तुम्ही स्पीड लिहिला नाहीये पण समजा ते ताशी १७ ने जातात आणि बाकीचे २४ ने, तर ११० किलोमीटरला त्यांचे साडेसहा तास आणि तुमचे साडेचार-पावणेपाच. दोन तासांचा फरक, बस. नाना आणि एक सोबती पहाटे उजाडताना निघतील, बाकीचे तासभर उशिरा, आणि दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र. जेवणानंतर सगळ्यात हळू माणूस पुढे, सगळ्यात दमाचा माणूस शेवटी, त्या शेवटच्याने कुणालाही मागे टाकून जायचं नाही, कितीही चिडचिड झाली तरी. हे कॅप्टनलाच करायला द्या. खरा कॅप्टन शेवटी असतो.

५८ वय आहे तर डॉक्टरांना दाखवून घ्या, बीपी, ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, पण ते नानांना एकट्याला सांगू नका, चाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी करा. आणि नानांना विचारा तर, "काय नाना, झेपेल का?" कदाचित ते स्वतःच म्हणतील की निपाणी ते आंबोली मी टेम्पोत बसतो. मग ते बसणं वेगळं असतं. मुळात ज्या माणसाने आयुष्यभर एसटी चालवली त्याच्याइतकं रस्ता कुणाला कळतं, कुठल्या वळणावर ट्रक आत घेतात, कुठे सर्व्हिस रोड अचानक संपतो, कुठल्या धाब्यावर ड्रायव्हर लोकं थांबतात म्हणजे जेवण ताजं असतं. तुम्ही गुगल मॅप घेऊन बसलाय आणि मॅप तुमच्या शेजारी चहा पितोय. रूट ठरवायचं काम नानांना द्या.

बाकी सायकलचं मी जास्त सांगत नाही, तुम्ही चालवणारी माणसं आहात. दोनच गोष्टी, मागचा लाल दिवा दिवसापण चालू ठेवा कारण हायवेची कामं चालू असतात तिथे डायव्हर्जनला ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही, आणि कोल्हापूरच्या मुक्कामी तांबडा-पांढरा ओरपायचा मोह आवरा. तिसऱ्या दिवशी चढ आहे. मी तो मोह आवरला नव्हता, पुढचं विचारू नका. खिशात राजगिऱ्याची चिक्की, केळी, आणि पाण्यात ओआरएस, एवढं पुरतं.

राहिला मित्र. ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवर लिहिलंत की त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लागेल आणि माणूस सगळ्यांसमोर चुकीच्याच बाजूला घट्ट उभा राहतो. त्याला एकट्याला चहाला बोलवा, कागद घेऊन जा, दोन रकान्यांचा, आकडे भरलेला. आणि सुरुवात आरोपाने नको. त्याने किती रविवार घातलेत, हॉटेलं शोधली, टेम्पोवाला ठरवला, ते आधी म्हणा, मनापासून म्हणा, कारण ते खरं आहे. माझा अंदाज असा की त्याच्या डोक्यात लबाडी नाहीये, त्याच्या डोक्यात असं आहे की आपण एवढे कष्ट घेतोय, पाय मोडून घेतोय, तर निदान जेवण तरी त्यातून निघू दे. पण कष्ट आपण हौसेने घेतोय ना? शाळेने सांगितलं नव्हतं सायकलवर जा म्हणून. मग त्याला सरळ म्हणा, "हे बघ, माझ्या वहिनीने मला हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. उद्या तुझ्या सासऱ्यांनी विचारला तर तू काय सांगशील?" आणि गप्प बसा. चहा प्या. त्याला बोलू द्या.

समजा नाहीच ऐकलं. तर तुम्ही खजिनदार आहात, पैसे तुमच्या खात्यात आहेत, ते तुम्ही वर सांगितलं तसं शाळेच्या ट्रस्टला पोचवा आणि त्याला पोचवून झाल्यावर नाही, आधी सांगा. मैत्रीला थोडा ओरखडा जाईल. तुम्ही परवा गप्प बसलात तेव्हाच तो गेलाय, फक्त अजून दिसत नाहीये.

वहिनींकडे मात्र स्वतः जा. व्हॉट्सअपवर उत्तर देऊ नका. तुमचे ८,४०० तुम्ही भरलेत त्याची नोंद दाखवा, ट्रस्टचा क्यूआर दाखवा, आणि देणगी मागूच नका. त्यांनी आपणहून फोन काढला तर ठीक, नाहीतर पोहे खाऊन या.

ता.क. – नवीन सायकलिंग शॉर्ट्स घेतली असेल तर ती पहिल्यांदा पहिल्या दिवशी घालू नका, आधी तीन-चार रविवार घालून बघा. आणि पेट्रोलियम जेलीची डबी टेम्पोत नको, खिशात ठेवा.